सूडपटाचा उत्तरार्ध का ढासळतो? पटकथेच्या बांधणीविषयी मते हवी आहेत

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी. गेले काही महिने मी एका मराठी सूडपटाची पटकथा लिहीत आहे आणि मध्यंतराच्या पुढे ती हातातून निसटते आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

कथा पिंपळगाव बसवंत ते ओझर या पट्ट्यात घडते. द्राक्षांच्या हंगामात बाहेरून एक व्यापारी येतो, पहिल्या काही गाड्यांचे पैसे रोख मोजून विश्वास कमावतो, मग उधारीवर माल उचलू लागतो, पुढच्या तारखांचे धनादेश देतो आणि एके दिवशी गाळ्याला कुलूप लावून परागंदा होतो. आपल्या जिल्ह्यातील वाचकांना हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. त्या व्यापाऱ्याचा माग काढत मुंबईकडे निघालेला धाकटा भाऊ कसारा घाटात मरतो आणि नोंद अपघाताची होते. थोरला भाऊ एका शीतगृहात हिशेबनीस आहे. वजनपावत्या, गेटपास आणि डिझेलच्या नोंदी ताडून पाहताना त्याच्या लक्षात येते की, ज्या ट्रकने धडक दिली तो त्या रात्री कागदोपत्री शीतगृहाच्या आवारातच उभा होता. तिथून त्याच्या वहीत पाच नावे उतरतात: ट्रकचालक, दलाल, पंचनामा फिरवणारा हवालदार, व्यापारी आणि या सर्वांच्या पाठीशी असलेला एक पुढारी.

इथवर पटकथा बरी चालते. उत्तरार्धात मात्र पाच माणसे आणि पाच खून ओळीने येतात. दोन मित्रांना वाचून दाखवली तेव्हा दलालाच्या खुनापर्यंत दोघेही कान देऊन ऐकत होते. हवालदाराची पाळी आली तेव्हा एकजण टेबलावरची शेंगदाण्याची साले गोळा करू लागला. प्रसंग स्वतंत्रपणे वाचले तर वाईट नाहीत, त्यामुळे दोष बांधणीत असावा अशी मला शंका आहे. लहान गुन्हेगारापासून मोठ्यापर्यंत चढत जाण्याखेरीज दुसरा क्रम संभवतो का? आणि शेवटी या हिशेबनिसाचे काय करावे?

निफाडकर

पटकथेतले मला कळत नाही, पण द्राक्षांतले कळते. तुमच्या कथेत पैसे बुडतात, तो खरा घाव नव्हे. घाव हा आहे की, तयार झालेला माल झाडावर थांबत नाही. साखर भरली, व्यापारी येत नाही आणि पश्चिमेला आभाळ दाटून येते, तेव्हा शेतकरी ज्याच्याशी एरवी बोलणार नाही त्याच्याशीही सौदा करतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जानेवारी ते एप्रिल एवढीच काय ती खुडणी. हा काळ तुमच्या कथेत कुठे दिसत नाही. सगळे खून कोणत्याही महिन्यात झाले तरी चालतील असे वाटते, आणि म्हणूनच कदाचित ते कंटाळवाणे होत असतील.

पडद्यामागे

गोदाकाठ, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या जातींचे चित्रपट एकत्र झाले आहेत, आणि उत्तरार्ध ढासळण्याचे एक कारण तिथे असावे असे मला वाटते.

एका जातीत नायकाला नेमकी माणसे हवी असतात. दुसऱ्या जातीत त्याला माणसे नको असतात, त्याला व्यवस्थेवर हात उगारायचा असतो. १९७४ च्या 'डेथ विश'ची गंमत अशी की, ज्या गुंडांमुळे नायकाची पत्नी मरते, ते त्याला अखेरपर्यंत सापडतच नाहीत. तो भलत्याच गुन्हेगारांना गोळ्या घालत राहतो आणि प्रेक्षक तरीही त्याच्यामागे जातो, कारण आता हा माणूस कुठवर जाणार, हीच त्या चित्रपटातली उत्सुकता असते. आपल्याकडे निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट'मध्ये (२००५) बँकेत नोकरी करणाऱ्या माधव आपटेकडेही यादी नाही. त्याचा राग एका गोष्टीवरून दुसरीवर उडी मारतो, त्यामुळे पुढचा प्रसंग कोणता असेल याचा अंदाज बांधता येत नाही.

तुम्ही यादी दिलीत. यादी दिल्याबरोबर प्रेक्षकाच्या हाती किती झाले आणि किती उरले याचा हिशेब येतो, आणि तो हिशेब एकदा सुरू झाला की तुमच्या प्रत्येक प्रसंगाचा निकाल आधीच ठरलेला असतो. तिसरा मरणार हे ठाऊक असताना तो कसा मरतो एवढेच उरते; त्या 'कसा'वर दहा मिनिटे निघतात, तासभर निघत नाही. म्हणून माझी पहिली सूचना अशी आहे की, पाचही नावे मध्यंतरापूर्वी उघड करू नका. नायकाकडे फक्त एक ट्रक क्रमांक असू द्या. प्रत्येक माणसाकडून त्याला सूड मिळण्याऐवजी माहिती मिळाली पाहिजे, आणि त्या माहितीने आधीची समजूत थोडीशी खोटी ठरली पाहिजे.

अवांतर_आबा

पाचांपैकी दोघांना मध्यंतरातच मारून टाकावे, अशी माझी नम्र सूचना आहे. प्रेक्षक वडा घेऊन परत येतो तेव्हा शेजारच्याला विचारतो, "कोण गेले?" आणि शेजारी सांगतो. वेळ वाचतो, खर्च वाचतो आणि सेन्सॉरलाही कापण्यासारखे काही सापडत नाही.

गंभीरपणे बोलायचे तर, पडद्यामागे यांच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. माहितीची साखळी हा रहस्यपटाचा प्रकार झाला. गोदाकाठ यांना मारधाडपट करायचा आहे. प्रेक्षक हिशेबनिसाचा तर्क पाहायला आलेला नाही, हात पाहायला आलेला आहे.

मीनल_दिंडोरी

आबा, हात पाहायचा असेल तर तो कोणाचा आहे हेही पाहावे लागेल. हिशेबनीस पाच धडधाकट माणसांना मारतो यावर विश्वास ठेवायला मला जड जाते.

पण माझा आक्षेप दुसरा आहे. मेलेल्या भावाची बायको या संपूर्ण आराखड्यात कुठे आहे? धाग्यात तिचा उल्लेखही नाही. सूडपटांत बहुधा असेच होते: घरातली बाई एक तर पहिल्या पंधरा मिनिटांत मरते, नाही तर उरलेला चित्रपट देवघरापुढे बसून काढते. आमच्या भागात बागेचा निम्मा व्यवहार बायका पाहतात. मजुरांच्या टोळीची हजेरी, क्रेटची मोजणी आणि औषधाच्या दुकानातली उधारी त्यांना तोंडपाठ असते. धनादेश त्या वहिनीच्या नावावर असतील तर तिला न्यायालयाचा रस्ता उघडा आहे, आणि तिने तो धरला तर दीर रात्री जे करतो ते तिच्या दिवसाच्या कामाच्या आड येईल. आरोपीच मेला तर तिचा खटला कोणावर चालणार? घरातल्या घरात दोन माणसांना एकच न्याय हवा आहे आणि एकाची वाट दुसऱ्याची वाट बंद करते. माझ्या मते तुमचा उत्तरार्ध हा आहे.

रानवारा

मीनलताईंच्या प्रतिसादाला +१. वाचनखूण साठवली आहे.

काळाकोट

मीनलताईंनी माझ्या क्षेत्रात पाऊल टाकले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

धनादेश न वटल्यास पराक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली कारवाई होते. बँकेकडून धनादेश परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे भरण्यासाठी १५ दिवस मिळतात आणि ते उलटल्यावर एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. पटकथाकाराला हे आयते मिळालेले घड्याळ आहे. निफाडकर यांनी हंगामाचे घड्याळ सांगितले, हे दुसरे. दिराने त्या पंधरा दिवसांत काही केले तर त्याचा अर्थ वेगळा आणि तक्रार दाखल झाल्यावर केले तर वेगळा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्या उत्तरार्धात नेमके काय दाखवायला हवे, हे मला कायद्याच्या एका जुन्या वादात सापडते. १९५९ मध्ये नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने तो कौल फिरवला आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. बचाव होता गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाचा. तो टिकला नाही, कारण पत्नीने कबुली दिल्यापासून गोळी सुटेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते. त्या तीन तासांत नानावटींनी बायकोमुलांना चित्रपटगृहात सोडले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतले, आधी त्या माणसाच्या कचेरीत चौकशी केली आणि मग घर गाठले. न्यायालयाने विचारले ते एवढेच की, या वेळात माणसाचे मन ताळ्यावर येऊ शकले असते की नाही.

गोदाकाठ, तुमच्या नायकाकडे तीन तास नव्हेत, तीन महिने आहेत. रागाच्या भरात झालेली हत्या आणि थंड डोक्याने केलेला खून यांच्यामधला जो वेळ आहे, तोच तुमच्या चित्रपटाचा मध्य आहे. त्या वेळात तो जेवतो, वजनपावत्या लिहितो, पुतण्याला शाळेत सोडतो आणि तरीही परत फिरत नाही. खुनांच्या मधली ही जागा तुम्ही बहुधा दोन-दोन ओळींत उरकली असेल. शेंगदाण्याची साले गोळा करणारा मित्र खुनाला कंटाळला नसावा. एका खुनानंतर लगेच दुसरा आल्यामुळे त्याला परत फिरण्याची शक्यताच दिसली नसावी.

अवांतर_आबा

काळाकोट साहेब, दंडवत. मात्र पुतण्याला शाळेत सोडण्याच्या प्रसंगावर शिट्टी कशी पडणार, तेही सांगा.

पंचवटीकर

चर्चा वाचून राहवले नाही. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले ते आमच्या अंगणात, अशी परंपरा आहे आणि शहराच्या नावाची कथाही तिथेच जोडली जाते. रामायणाकडे आपण रामाच्या बाजूने पाहतो. क्षणभर दुसऱ्या बाजूने पाहा, तर अरण्यकांडाचा हा भाग जखमेपासून सुरू होणारा सूडाचा घटनाक्रम आहे, आणि गोदाकाठ यांच्या 'चढता क्रम' या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

शूर्पणखा प्रथम खराकडे जाते. खर चौदा राक्षस पाठवतो. ते मारले जातात. मग तो स्वतः दूषणासह चौदा हजारांची सेना घेऊन येतो. तीही संपते. मग बातमी लंकेला पोहोचते, आणि इथे वाल्मीकी जे करतात ते मला विलक्षण वाटते. रावण आणखी मोठी सेना पाठवत नाही. तो मारीचाकडे जातो आणि सोन्याचे हरीण येते. म्हणजे चौदा, चौदा हजार अशी चढण दोनदा चढून झाल्यावर तिसऱ्या खेपेला संख्या न वाढवता रीत बदलली आहे. जे बळाने जमले नाही ते कपटाने केले आहे, आणि रामाचे पहिले खरे नुकसान तेव्हा होते.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. चढता क्रम नायकाच्या वहीतून येऊ नये. मागच्या घावाची बातमी वर पोहोचते म्हणून तो यावा. दलाल मेल्यावर पुढारी स्वस्थ का बसला आहे? तुमचे उरलेले तिघे आपापल्या जागी मरण्याची वाट पाहत बसले आहेत असे वाटते. आणि दुसरी गोष्ट, शत्रूने कधी तरी नायकाच्या ताकदीशी लढणे सोडून त्याच्या घराकडे वळले पाहिजे.

मुदतीचे घड्याळ हवे असेल तर जयद्रथवध आहेच. सूर्यास्तापूर्वी मारीन, नाही तर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा कौरवांना कळते आणि दुसऱ्या दिवशी सगळे सैन्य एका माणसाला लपवण्यासाठी उभे राहते. प्रतिज्ञा गुप्त राहिली असती तर त्या दिवसात कथाच उरली नसती.

पडद्यामागे

पंचवटीकर, हा या धाग्यातला मला सर्वांत उपयोगी वाटलेला प्रतिसाद आहे. शत्रू हलला पाहिजे, हे मी लिहायला हवे तितक्या स्पष्टपणे लिहिले नव्हते.

मीनलताईंच्या पहिल्या शंकेवर, म्हणजे हिशेबनिसाच्या हातावर, थोडे बोलतो. 'जॉन विक'मध्ये (२०१४) नायकाचे कौशल्य आपण पाहण्याआधी इतरांच्या भीतीतून कळते; त्याचे नाव ऐकताच माफियाचा म्होरक्या गप्प होतो आणि पुढची मारामारी आपण न कुरकुरता स्वीकारतो. तुमच्याकडे तो मार्ग नाही. तुमच्या नायकाला कोणी घाबरत नाही, आणि हे तुमचे भांडवल आहे. २०१३ च्या 'ब्लू रुइन'मध्ये असाच एक अकुशल माणूस सूड घेतो, तोही चित्रपटाच्या सुरुवातीच्या भागातच आणि अतिशय गबाळेपणाने. त्यानंतरचा सगळा चित्रपट त्या एका कृत्याचे काय काय होते याचा आहे. पाच खुनांऐवजी एक खून आणि त्याचे चार परिणाम, अशी मांडणी करून पाहा. ट्रकचालकाला नायकाने मारण्याऐवजी त्याच्याशी झटापट होऊन तो घाटात पडला, असेही होऊ शकते. मग नायकाला स्वतःलाच ठाऊक नसते की त्याने खून केला की नाही, आणि पुढच्या माणसाकडे जाताना हे न सुटलेले गणित त्याच्यासोबत असते.

रोखठोक_सिन्नर

सगळ्यांचे विद्वत्तापूर्ण प्रतिसाद वाचले. माझे मत वेगळे आहे आणि ते मांडतो.

मारधाडपटाचा प्रेक्षक अन्यायाने पिचलेला असतो. त्याला बाहेरच्या जगात कोणाची कॉलर धरता येत नाही, म्हणून तो तिकीट काढतो. तुम्ही त्याला एक खून आणि चार परिणाम दाखवलेत तर तो घरी जाताना म्हणेल की, इथेही मला तारीखच मिळाली. गोदाकाठ यांनी पाचही खून ठेवावेत; फक्त प्रत्येकाची जागा, वेळ आणि साधन वेगळे असावे. एक बाजार समितीच्या लिलावात भर गर्दीत, एक मळ्यात, एक शीतगृहाच्या बंद दाराआड. हवालदाराला तर लोकांसमोरच शिक्षा झाली पाहिजे.

मीनल_दिंडोरी

रोखठोक, तुमच्या प्रेक्षकाचा राग मला कळतो. बुडालेल्या पैशांसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या आमच्या घरानेही झिजवल्या आहेत. म्हणूनच मला असा चित्रपट हवा आहे ज्यात पैसे परत येतात की नाही, हा प्रश्न शेवटपर्यंत जिवंत राहील. पाच मुडदे पडले तरी वहिनीच्या खात्यात एक रुपया येत नाही. तुमच्या क्रमात हे कोणी विचारतच नाही.

रोखठोक_सिन्नर

ते विचारायला हरकत नाही. पण विचारणारा प्रसंग पाच मिनिटांचा असावा, पन्नास मिनिटांचा नको.

रानवारा

शेवटाविषयी कोणीच बोलत नाही म्हणून लिहिते. 'शोले'च्या (१९७५) मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतो. सेन्सॉरच्या आक्षेपानंतर पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात असा शेवट प्रदर्शित झाला. मला प्रदर्शित शेवट नेहमीच चिकटवलेला वाटत आला आहे, कारण गब्बरशी चाललेल्या झुंजीत पोलीस कुठे नसतात आणि नेमके त्या क्षणी येऊन पोहोचतात. माझा मुद्दा असा की, कायद्याने शेवट करायचा असेल तर कायदा पूर्वार्धापासून पडद्यावर असला पाहिजे. वहिनीचा खटला त्यासाठीही हवा. नायक शरण गेला, मेला किंवा सुटला, यांपैकी काहीही चालेल, पण ते करणारी शक्ती शेवटच्या दहा मिनिटांत जन्माला आलेली नसावी.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे आभार. काल रात्री बसून उत्तरार्धाचा आराखडा नव्याने मांडला, तो थोडक्यात देतो.

यादी गेली. नायकाकडे ट्रकचा क्रमांक आणि खोटा गेटपास एवढेच आहे. गेटपासवर सही त्याच्याच सहकाऱ्याची आहे, म्हणजे पहिला संशय शेजारच्या टेबलावर. ट्रकचालक पडद्यामागे यांनी सुचवल्याप्रमाणे झटापटीत जातो आणि ही बातमी वर पोहोचते. मग दलालाला नायक मारत नाही. पुढाऱ्याची माणसेच मारतात, कारण तो बोलेल अशी भीती आहे. इथे मध्यंतर. आता खून दुसऱ्याने केला आहे आणि संशय हिशेबनिसावर आहे. दुसरीकडे नोटिशीचे पंधरा दिवस चालू आहेत. पुढारी वहिनीला निरोप धाडतो की पैसे मिळतील, सगळ्या गावाचे मिळतील, फक्त घाटातला विषय सोडा. हे माझे सोन्याचे हरीण. गावातले ज्यांचे पैसे अडकले आहेत ते तिच्या ओट्यावर येऊन बसतात, तडजोड करा म्हणतात. दीर रात्री कपाटातून कोयता काढतो तेव्हा दारात शत्रू उभा नसतो, शेजारी उभे असतात.

रोखठोक, बाजार समितीतला प्रसंग ठेवला आहे. तिथे हवालदार मरत नाही, पण लोकांसमोर त्याची बोबडी वळते. शेवट अजून सुटलेला नाही. शीतगृहात व्यापारी आणि नायक समोरासमोर येतात, दार बाहेरून बंद आहे, एवढेच हाती आहे.

निफाडकर

आराखडा आवडला. ओट्यावर बसलेले शेतकरी मला चेहऱ्यांनिशी दिसले. मात्र शीतगृहाच्या दाराचे बदला. आत कोणी अडकू नये म्हणून त्या दाराला आतून उघडण्याची सोय असते, आणि हे आमच्याकडच्या प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक आहे. तुमच्या हिशेबनिसालाही ठाऊक असणार. व्यापाऱ्याला मात्र ते ठाऊक नसेल. शून्य अंशाच्या आसपास, द्राक्षांच्या पेट्यांमध्ये, द्राक्षे टिकावीत म्हणून पेटीत ठेवलेल्या सल्फरच्या पॅडचा वास नाकाला झोंबत असताना तो दार उघडत नाही असे समजून सगळे कबूल करत बसेल, आणि दांडा त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर असेल.

पडद्यामागे

निफाडकर, तुम्ही पटकथेतले कळत नाही असे कोणत्या तोंडाने लिहिले होते?

अवांतर_आबा

या प्रसंगाला शिट्टी पडेल. माझा विरोध मागे.

काळाकोट

एक व्यावहारिक सूचना. अशा दबावाखाली घेतलेला कबुलीजबाब न्यायालयात फारसा टिकणार नाही, आणि वहिनीचा वकील हे नायकाला तोंडावर सांगेल. तो प्रसंग जरूर लिहा. शिवाय धनादेश नेमके कोणाच्या नावावर लिहिले आहेत हे पूर्वार्धातच ठरवून घ्या. ते वहिनीच्या नावे असतील तर तक्रार तिने करायची हे सरळ आहे. मयताच्या नावे असतील तर वारसांचा मुद्दा निघेल, आणि तुमचे पंधरा दिवसांचे घड्याळ सुरू होण्याआधी मला आणखी दोन प्रसंग मागावे लागतील.